बांडी मागून आली पाहिजे

उस्तादांना कामाच्या जागी चहा विचारायची सोय नव्हती. घरमालकीण ट्रे घेऊन आली की ते हात आडवा करायचे आणि म्हणायचे, "ठिवा तिकडं. आधी बांडी येऊ द्या." बिचाऱ्या बाईंना वाटायचं, अजून कुणीतरी पाहुणी यायचीय. त्या जास्तीचा कप आणायला आत वळायच्या. मग मला समजावत बसावं लागायचं की बांडी ही एक मेंढी आहे, ती सोफ्याच्या मागच्या डाव्या स्पीकरमधून येणार आहे, आणि ती तिथून आली नाही तर हा माणूस चहाच काय, घोटभर पाणीही पिणार नाही. बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघायच्या ती मला तीन वर्षांत सवयीची झाली.

मी आधी वाळूजला एका कारखान्यात स्पीकरच्या टेस्टिंगच्या लाइनवर होते. तिथला करार संपला. बजाजनगरच्या दोन खोल्यांत हात बांधून बसण्यापेक्षा मी जालना रोडवरच्या एका होम थिएटरच्या दुकानात शिरले. दुकान शेठजींचं, गिऱ्हाइकाशी बोलणं माझं आणि जोडणी उस्तादांची, अशी वाटणी होती. उस्तादांची उमर एका जुन्या टॉकीजच्या ऑपरेटर केबिनमध्ये गेली होती. टॉकीज पाडली, तिथे कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि उस्ताद लोकांच्या दिवाणखान्यात आले. मूळचे सोयगावकडचे, मेंढपाळाच्या घरातले. भावाचा कळप अजून होता आणि त्याची खबर ते माणसांच्या खबरीआधी विचारायचे.

होम थिएटरमध्ये खरी मारामारी असते ती फॉरमॅटची. पाच-सहा वाटांचा आवाज एका गाठोड्यात बांधून पाठवायचा आणि पुढच्या यंत्राने तो तसाच सोडवून ज्या त्या स्पीकरला द्यायचा. गाठ ओळखीची असली तर ठीक. नसली तर यंत्र तक्रार करत नाही, गोम तिथेच आहे. ते सगळा आवाज दोन वाटांत कोंबतं, त्याच्यापुढचं यंत्र तो अंदाजपंचे पाचांत पसरवतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय घुमतंय! स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या रिसीव्हरच्या काचेवर पाचही स्पीकरचे चौकोन पेटलेले असतातच. त्या काचेला उस्ताद 'पाटी' म्हणायचे.

"पाटीवर भरोसा ठिवायचा नाय, मॅडम. पाटी टॉकीजलाबी व्हती. भायेर हाउसफुल्ल लिवलेलं आन् आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या."

म्हणून मेंढरं. भावाच्या कळपातल्या पाच मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा त्यांनी एकेक करून रेकॉर्ड केल्या होत्या. म्होरकी मधल्या स्पीकरला, ढवळी पुढे डावीकडे, काळी पुढे उजवीकडे, बांडी मागे डावीकडे आणि लंगडी मागे उजवीकडे. जमिनीवरच्या जाड आवाजाच्या वूफरला कुत्र्याची गुरगुर. टॉकीजच्या ओळखीतल्या एका स्टुडिओवाल्याकडून हा कळप त्यांनी जुन्या फॉरमॅटमध्ये एकदा, नव्यामध्ये एकदा असा बांधून घेतला होता आणि तो पेन ड्राइव्ह बनियनच्या खिशात असायचा. प्रत्येक घंटेचा आवाज निराळा. बांडीची घंटा जरा फुटकी, लंगडीची अडखळत वाजणारी. बांडी पुढून आली की समजायचं, वाटेत कुणीतरी आवाज दोनात कोंबलाय.

पण तपासणी ते स्वतः करत नसत, आणि ही त्यांची सगळ्यांत मोठी तऱ्हा. गिऱ्हाइकाला मधल्या खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि आवाज जिथून येईल तिकडे बोट करायला सांगायचं. ते समोर उभे राहून बोटाकडे टक लावून बघायचे. "आयकणार तुमी, मंग सांगणारबी तुमीच." त्यांचे वडील म्हणे दिवेलागणीला डोळे मिटून बसत आणि कोणती मेंढी कुठल्या अंगाला गेलीय ते बोटाने दाखवत. मी डॉक्टर पाहिले, वकील पाहिले, एक फौजदारसाहेब पाहिले. सगळे डोळे मिटून शहाण्यासारखे बोटं करत बसलेले.

सिडकोतले एक निवृत्त प्राध्यापक मात्र अडून बसले. त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं होतं. "खोक्यावर स्पष्ट लिहिलंय हा फॉरमॅट चालतो म्हणून. मी वाचलंय."

"वाचलं ना? मंग डोळ्याचं काम झालं. आता मिटा," उस्ताद म्हणाले.

प्राध्यापक चिडून बसले, आणि बांडी आली ती पुढून. टीव्हीतली आवाजाची एक सेटिंग चुकीची होती. ती सापडेपर्यंत चहा तीनदा निवला. शेवटी सरांचं बोट खांद्यावरून मागे गेलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, आणि चौथ्यांदा चहा त्यांनी स्वतः गरम करून आणला.

बाकी माणूस तऱ्हेवाईक म्हणजे किती! दुकानात त्यांची खुर्ची डाव्या भिंतीला खेटून असायची. कितीही उकडलं तरी ती पंख्याखाली सरकत नसे. रस्त्याने चालताना ते कायम माझ्या डाव्या हाताला. मी चुकून तिकडे गेले तर वळसा घालून परत तिकडेच. जालना रोडच्या रहदारीच्या बाजूला बाईमाणसाला ठेवणारा हा कसला सभ्य माणूस, असं मी मनात म्हणायचे. हाक मारली की कधी ओ द्यायचे, कधी नाही. नाही दिली की मी त्याला माज म्हणायचे. स्पीकर वाजत असताना त्याच्या अंगावर तळवा ठेवून उभे राहायचे, आणि मला वाटायचं, हा नुसता देखावा.

चिकलठाण्याला भाऊंचा बंगला झाला तेव्हाची गोष्ट. भाऊ म्हणजे घरचे मोठे शेतकरी, शिवाय आता शहरात बांधकामाचा धंदा. त्यांच्याकडे जुन्या सिनेमांच्या डिस्कनी भरलेलं कपाट होतं, सगळ्या जुन्या फॉरमॅटमधल्या. बंगल्यातला हॉल पसंत पडला तर त्यांच्या नव्या इमारतीतल्या चाळीस घरांचं काम आम्हाला मिळणार होतं. शेठजींची झोप त्यात अडकली होती.

प्लास्टरच्या आधी उस्ताद मला बजावून गेले होते. "भितीतून दोन पाइप टाका. टीव्ही समदं पुढं देईलच असं नाय." मग ते भावाच्या घरच्या लग्नाला सोयगावला गेले, आणि शेठजींनी जोडणी मला करायला लावली. मी साइटवर पोचले तर गवंडी एकच पाइप टाकून मोकळा झाला होता आणि पुन्हा भिंत फोडायला राजी नव्हता. मी टीव्हीचं खोकं उलटंपालटं करून वाचलं. फॉरमॅटच्या नावांची ही रांग! इतकी नावं आहेत म्हणजे जुनंही असेलच, असं मी धरून चालले. डिस्कचा प्लेअर टीव्हीखाली, रिसीव्हर मागच्या भिंतीतल्या कपाटात आणि मध्ये एकच तार. प्लेअरची थेट तार रिसीव्हरला नसली तरी काय, प्लेअर टीव्हीला देईल, टीव्ही रिसीव्हरला देईल. "राहू दे एकच," मी गवंड्याला म्हणाले. चार दिवसांत त्या भिंतीवर दगडी फरशी चढली.

वास्तुशांतीच्या दिवशी दुपारी तपासणी ठरली. जाताना गाडीत शेठजी मला म्हणाले, "उस्ताद हल्ली दोन हाकांशिवाय वळत नाहीत. आज लक्ष ठेवा. काही वाकडं दिसलं तर मला बाजूला घेऊन सांगा. मग पुढची चाळीस घरं तुम्हीच बघा."

मी "बरं" म्हणाले. एवढंच म्हणाले, पण म्हणाले.

उस्ताद परस्पर बंगल्यावर आले होते. हॉलमध्ये पाहुणे दाटीवाटीने बसलेले, जेवणं नुकतीच झालेली, सगळीकडे बुंदी आणि अगरबत्तीचा वास. उस्तादांनी मला दारातच गाठलं. "दोन पाइप टाकले ना?"

शेजारी शेठजी होते, समोर भाऊ होते. "हो," मी म्हणाले. रिसीव्हरची पाटी मी सकाळीच पाहून ठेवली होती. पाचही चौकोन पेटले होते. त्या पाच चौकोनांच्या जिवावर मी खोटं बोलले.

उस्तादांनी पेन ड्राइव्ह प्लेअरला लावला, भाऊंच्या डिस्कसारखा जुन्या फॉरमॅटमधला कळप निवडला आणि भाऊंना खुर्ची दाखवली. भाऊ हसले. "मी? इतक्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर आंधळी कोशिंबीर खेळू का?"

"गिऱ्हाइकानंच बसावं लागतं, भाऊ."

"ते दुसरीकडं. तुम्ही उस्ताद आहात ना? तुमच्या कानावर आमचा भरोसा. बसा तुम्हीच."

पाहुणे हसले. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी खिशातला रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि रुमाल पुन्हा घडी करून ठेवला. कितीतरी वेळ लावला घडी करायला. मला ते नवीन होतं. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बसा की उस्ताद," शेठजी म्हणाले. ते उस्तादांकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

उस्ताद बसले आणि डोळे मिटले. मी रिमोट दाबला. म्होरकी वाजली, बोट सरळ समोर गेलं. ढवळी, पुढे डावीकडे. काळी, पुढे उजवीकडे. सगळं बरोबर. मग बांडीची फुटकी घंटा वाजली, आणि ती वाजली पुढे, ढवळीच्या जागेवरून. मागच्या स्पीकरमधून नुसतं पोकळ काहीतरी घुमलं.

टीव्हीने जुना फॉरमॅट घेतलाच नव्हता. आवाज दोनात कोंबला गेला होता आणि आता फरशीमागे दुसरी तार टाकायला पाइप नव्हता. आता उस्ताद पुढे बोट करतील, डोळे उघडतील आणि सगळ्यांदेखत मला विचारतील.

उस्तादांचा हात उचलला गेला. खांद्यावरून मागे वळला. बोट मागच्या डाव्या कोपऱ्याकडे झालं.

लंगडी वाजली, पुढे उजवीकडे. बोट मागच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलं.

मेंढी त्यांना कळत होती. ती कुठून वाजतेय ते कळत नव्हतं. बोट आठवणीने फिरत होतं. भिंतीला खेटलेली खुर्ची, रस्त्यातले वळसे, न दिलेल्या ओ, स्पीकरवर ठेवलेला तळवा, सगळं माझ्या डोक्यात एकदम येऊन थडकलं. यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. एका कानाने दिशा कळत नाही, हे टेस्टिंगला काम केलेल्या मला कुणी शिकवायला नको होतं. तरी तीन वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मला ते तऱ्हेवाईक वाटण्यातच मजा येत होती.

स्पीकरपेक्षा बोटाकडेच बघत असलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी डोळे उघडून पहिलं माझ्याकडे पाहिलं. "बराबर?"

मी मान हलवली. त्यांच्या चुकीखाली माझी चूक झाकली गेली होती. भाऊ खूश होते. मी गप्प राहिले असते तर ते जन्मभर त्या घुमणाऱ्या आवाजाला खरं समजून सिनेमे बघत बसले असते. शेठजींनी भुवई उचलून मला विचारलं, काही आहे का? त्यांना बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलले असते तर चाळीस घरं माझी होती. मी दोन्हींतलं काहीच करत नव्हते.

तेवढ्यात चहा आला. आणि उस्तादांनी कप घेतला. बशीत चहा ओतला, फुंकर मारली. या माणसाने तीन वर्षांत बांडी आल्याशिवाय चहाला हात लावला नव्हता, आणि आज माझ्या मान हलवण्यावर भरवसा ठेवून तो ती बशी ओठाला लावत होता. मला ते बघवेना.

"चहा पिऊ नका, उस्ताद."

मला वाटलं होतं मी हळू बोलले. सगळा हॉल वळून बघायला लागला.

उस्तादांची बशी तिथेच थांबली. "कोणती?"

"बांडी."

"कुठं वाजली?"

"पुढं. लंगडीसुद्धा पुढं. आणि पाइप एकच आहे. मी खोटं बोलले."

त्यांनी बशी खाली ठेवली. एक थेंब सांडला नाही. भाऊंचं हसू गेलं होतं. "म्हणजे? आत्ता तर यांनी मागं बोट केलं की!"

"केलं," उस्ताद म्हणाले. "मला डावा कान नाय, भाऊ. सहा साल झाले. मेंढी वळखू येती, तिची जागा कळत नाय."

"किरकोळ सेटिंग आहे भाऊ, आत्ता करून देतो," शेठजी घाईघाईने मध्ये पडले.

"सेटिंग नाय. तारेचा घोटाळा हाय," उस्ताद त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "अर्धा घंटा द्या मला. आन् मॅडम, हिकडं या."

ते मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टीव्हीखालचा प्लेअर सोडवला आणि उचलून मागच्या कपाटात रिसीव्हरशेजारी नेला. तिथे हातभर तारेने तो सरळ रिसीव्हरला जोडला. आवाजाची गाठ आता टीव्हीकडे न जाता थेट रिसीव्हरपाशी सुटणार होती, आणि भिंतीतली माझी एकुलती तार फक्त चित्र पुढे नेणार होती. डिस्क बदलायला भाऊंना दर वेळी उठून मागे जावं लागणार, एवढाच काय तो तोटा. पंधरा मिनिटांचं काम. मी विचारलं असतं तर त्यांनी हे आधीच सांगितलं असतं.

"आता तुमी बसा, भाऊ," उस्ताद म्हणाले. या वेळी भाऊ बसले आणि त्यांनी डोळे मिटले. बांडी वाजली. भाऊंचं बोट मागे गेलं आणि बोटामागोमाग मानही वळली. "आरं तिच्या मायला! हितंच हाय की मागं!"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊंच्या बोटाकडे पाहिलं, मग बशीतला गार, साय धरलेला चहा उचलून पिऊन टाकला.

परतताना आम्ही शेठजींच्या गाडीत बसलो नाही, रिक्षा केली. मी मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला बसले.

"एवढी घरं कशी केली, त्ये इचारायचंय ना?" मुकुंदवाडीला तेच म्हणाले. "लोकाच्या बोटानं आयकलं."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं उस्ताद. मी कुणाला बोलले नसते."

"व्हय. तुमी तर आजबी मान हलवलीच की."

राग नव्हता त्या बोलण्यात. ते वाक्य मला अजून झोंबतं.

दुसऱ्या दिवशी ते आले ते पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवायलाच. शेठजींनी त्यांना काढलं नाही. काढायची वेळच उस्तादांनी येऊ दिली नाही, ते आपणहून सोयगावला गेले. भाऊंनी चाळीस घरांचं काम आम्हाला दिलं. ज्या दुकानात माणसं आपली चूक पाहुण्यांसमोर सांगतात तिथूनच घेणार, असं म्हणाले म्हणे. ते काम मी घेतलं. इथे 'मी नाही म्हणाले' असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी घेतलं, आणि चाळीसही घरांत मालकांना डोळे मिटायला लावले. मला दोन्ही कान धड आहेत. तरी मीही बोटच बघते.

पुढच्या वर्षी छतातून आवाज देणारा फॉरमॅट गिऱ्हाईक सर्रास मागायला लागलं आणि माझी पंचाईत झाली. मी सोयगावला फोन लावला. "उस्ताद, छताला कोणती मेंढी लावू?"

"मेंढरू छतावर कशाला जाईल?" ते म्हणाले. "रयवारी या हिकडं."

गेले. भावाच्या घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी जुने स्पीकर मांडले होते आणि दोन वर आढ्याला सुतळीने बांधले होते. शेतावरून ओरडत जाणारी टिटवी त्यांनी महिनाभर पाठलाग करून रेकॉर्ड केली होती. त्यांना वाटत होतं, झकास जमलीय. वाटतच होतं फक्त. मला मधल्या खुर्चीत बसवून ते समोर, मी त्यांच्या उजव्या अंगाला येईन असे जरा तिरके बसले. आवाजात भेसळ नको म्हणून पंखा बंद केला. त्यांच्या भावजयीने चहा आणून ठेवला.

मी डोळे मिटले. टिटवी ओरडली, फार सुंदर ओरडली. पण ती डोक्यावर नव्हती. समोरच्या स्पीकरच्या वर हातभर, तिथेच कुठेतरी अडकली होती. माझं बोट अर्ध्या वाटेवर थांबलं. मी डोळे उघडले.

उस्तादांनी बशी हातात धरली होती. महिनाभराचं काम होतं ते, आणि त्यांचा चेहरा इतका आशेने भरलेला मी आधी पाहिला नव्हता.

"पिऊ का?" त्यांनी विचारलं.

"नका पिऊ," मी म्हणाले.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि हसत हसत तारा सोडवण्यासाठी पेचकस शोधायला उठले.